कंडक्टरची पट्टी आणि शिवणबाईंचा धागा

एकतीस वर्षं माणूस बसमध्ये उभं राहून ‘पुढे चला, पुढे चला’ ओरडत असेल, तर निवृत्त झाल्यावर ती सवय जाणार कुठे? जात नाही, दुसरीकडे निघते. शिवणबाईंच्या नवऱ्याची ती दुकानातल्या रांगेत निघायची, जिन्यात निघायची. जिन्यात दोन बायका बोलत उभ्या दिसल्या की यांचं सुरू, “चला, पुढे सरका, मध्ये भरपूर जागा आहे.” सगळी गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. शिवणबाई रागावल्या की ‘अहो कंडक्टर’ म्हणायच्या आणि लाडात आल्या तरी ‘अहो कंडक्टर’च म्हणायच्या. काय ते सुरावरून ओळखायचं.

त्या सोमवारी सकाळी सूर रागाचा होता.

“अहो कंडक्टर! हे काय करून ठेवलंय?”

पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिवणयंत्र, त्याला लागून कापड बेतायचं लांब टेबल आणि टेबलाच्या कोपऱ्यावर लेकीने दिलेला जुना कॉम्प्युटर, अशी त्यांची मांडणी होती. एरवी त्याच्या पडद्यावर टेप लटकवलेली असायची. आज शिवणबाईंनी टेप गळ्यात घेतली होती, पडदा पुसला होता आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. कारण आज अकरा वाजता त्यांच्या सुईची परीक्षा होती.

सुई म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी इतकी बारीक आणि इतकी टोचून बोलायची की बारशाचं नाव बाजूला पडलं आणि सुईच राहिलं. ती आता दूर, एका मोठ्या विद्यापीठात होती. पुलांच्या लोखंडाला ज्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात त्यांच्यावर तिने पाच वर्षं घासून प्रबंध लिहिला होता. आज पाच परीक्षकांसमोर उभं राहून तिला तो सांगायचा होता, आणि विद्यापीठ ते सगळं इंटरनेटवर दाखवणार होतं. एकदाच. पुन्हा बघायची सोय नाही, असं तिने तीन वेळा बजावलं होतं. दुवा ईमेलवर आला होता. त्यावर बोट दाबायचं की लेक समोर, इतकं सोपं काम.

तर शिवणबाईंनी साडेनऊलाच, सराव म्हणून, दाबून बघितलं. आणि पडदाभर लाल रंग पसरला. ‘थांबा! ही जागा धोक्याची आहे!’ खाली एकच बटण होतं, ‘मागे फिरा’.

“मी काही केलं नाही,” कंडक्टर म्हणाले. मग बायकोचा चेहरा बघून म्हणाले, “म्हणजे काल फक्त अँटीव्हायरस टाकला. फुकट होता. म्हटलं उद्या पोरीचा दिवस आहे, ऐन वेळी व्हायरस-बियरस नको.”

“टाकताना काय काय विचारलं त्याने?”

“विचारलं असेल काहीतरी. खाली बटण होतं, ‘पुढे’. मी दाबलं. परत आलं, ‘पुढे’. परत दाबलं.”

“वाचलं नाहीत?”

“अगं, ‘पुढे’ लिहिलेलं असताना मी थांबू?”

आता यावर काय बोलणार! शिवणबाईंनी कपाळावर हात मारला. ‘पुढे’च्या प्रत्येक पानावर आधीच खुणा करून ठेवलेल्या चौकटी असणार, आणि कंडक्टरांनी त्या सगळ्यांना तिकीट न विचारता गाडीत घेतलं असणार. ब्राउझरकडे बघवत नव्हतं. वर एकाखाली एक दोन पट्ट्या येऊन बसल्या होत्या. एक म्हणत होती, ‘सुरक्षित शोध’, दुसरी म्हणत होती, ‘खरेदीत मदत हवी?’ सुरुवातीला सुईचा फोटो दिसायचा, तिथे कुणा परक्याचंच पान उघडत होतं. आणि कोपऱ्यात त्या अँटीव्हायरसची हिरवी ढाल बसली होती, मोठा पराक्रम केल्यासारखी.

सुईला फोन करावा तर तो बंद. परीक्षा संपेपर्यंत लावायचा नाही, असं ठरलंच होतं. दोघांचे फोन बटणांचे, त्यात काही दिसायचं नाही. शेजारीपाजारी कामाला गेलेले. पाच वर्षं पोर राबली, आणि आई आपली लाल पडद्यासमोर बसणार?

“सरक, मी काढतो,” कंडक्टर म्हणाले. चूक मान्य करायची ही त्यांची पद्धत होती. त्यांना तेवढं येत होतं, सुईनेच शिकवलं होतं. वरचे तीन ठिपके दाबले, एक्स्टेंशनची यादी उघडली. तिथे तीन आगंतुक नावं होती, दोन त्या पट्ट्यांची आणि तिसरं ‘वेब पहारेकरी’. लाल पडदा ओढणारा हाच. एकेकापुढे ‘काढून टाका’ दाबलं. पट्ट्या गेल्या. “झालं! उगाच घाबरवतेस.” त्यांनी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला.

पट्ट्या हजर. दोन्ही. लाल पडदाही हजर.

कंडक्टरांनी पुन्हा काढल्या. पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी अख्खा कॉम्प्युटर बंद केला, मनात दहा आकडे मोजले आणि चालू केला. पट्ट्या आपल्या जागच्या जागी, जणू पासच काढला होता.

“चिवट आहेत गं,” ते हळू आवाजात म्हणाले. सव्वादहा झाले होते. त्यांचा चेहरा एवढासा झाला. “आता सगळंच उपटून टाकतो.”

“हात लावू नका,” शिवणबाई म्हणाल्या. “रागाने उसवलं की कापड फाटतं. उठा.”

त्या खुर्चीत बसल्या. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण उसवण्यात त्यांची हयात गेली होती. गल्लीतल्या कुणाच्या अंगावर काय घट्ट झालं, काय सैल झालं, सगळं आधी त्यांच्याच हाताखाली उसवलं जायचं. त्यांनी टेबलाखाली बघितलं. तिथे धान्याचं नवं पोतं अजून तोंड शिवलेलंच पडलं होतं, कारण काल कंडक्टरांनी त्याचा दोरा ओढून ओढून गाठ करून ठेवली होती. शिवणबाई त्या गाठीकडे बघतच राहिल्या.

“अहो, त्या पोत्याचं काय झालं होतं काल?”

“आता पोतं कुठे मध्येच?”

“सांगा तर.”

“काय होणार? ओढलं, आवळलं. तू म्हणालीस, भलत्या टोकाने ओढताय.”

शिवणबाई उठल्या, पोत्याच्या दुसऱ्या टोकाशी गेल्या, शेवटचा टाका नखाने सोडवला आणि दोरा ओढला. सर्रकन सगळी शिवण एका दमात सुटून हातात आली.

“साखळीची शिवण जिथे संपवली तिथूनच सुटते. जिने टाका घातला तिचा हात शेवटी जिथे होता, तिथून. आपण या पट्ट्या ब्राउझरमधून ओढतोय. पण त्या ब्राउझरने घातल्यात का?”

कंडक्टरांनी हिरव्या ढालीकडे बघितलं. “हिने घातल्यात.”

“मग ती मागे बसून परत परत टाके घालणारच की! आधी तिचा हात थांबवायचा.”

ढालीवर दाबल्यावर तिचं घर उघडलं. शिवणबाईंनी अट घातली की कंडक्टरांनी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची आणि ‘पुढे’ हा शब्द दिसला तर हात पाठीमागे घ्यायचा. कंडक्टर थांब्यांची नावं वाचावीत तसं वाचू लागले. “तपासणी. राहू दे. व्हायरसची माहिती. राहू दे. सेटिंग.”

“उतरा इथे.”

सेटिंगमध्ये आणखी एक दार, ‘ब्राउझरसाठी जादा सोयी’. आत तिन्ही नावं आणि तिन्हींपुढे बरोबरच्या खुणा. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ. कंडक्टरांनी चष्मा वर केला, पडद्याला नाक लावलं आणि वाचलं, “काढून टाकल्यास आपोआप पुन्हा बसवा.” पुढे बरोबरची खूण.

“बघा,” शिवणबाई म्हणाल्या. “हा शेवटचा टाका.”

त्यांनी एकेक खूण काढली. लगेच पडद्याने विचारलं, ‘तुम्हाला खरंच असुरक्षित राहायचं आहे का?’ खाली ढळढळीत हिरवं बटण, ‘नाही, मला वाचवा’. बाजूला फिकट, दिसेल न दिसेल असं, ‘बंद करा’. कंडक्टरांचं बोट आपसूक हिरव्याकडे निघालं. शिवणबाईंनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या मनगटावर फट्कन मारली.

“अगं आई!”

“फिकट. फिकट दाबा.”

फिकट दाबलं. मग बदल जपून ठेवले. मग परत ब्राउझरच्या यादीत जाऊन तिन्ही नावं काढली आणि पहिलं पान सुईच्या फोटोचं केलं. ढाल राहू दिली. ती बिचारी राखणीला आली होती, तिने राखण करावी, घरात पट्ट्या लावू नयेत, एवढंच. मग ब्राउझर बंद केला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कंडक्टर म्हणाले, “तू उघड. माझा हात वाईट आहे.”

शिवणबाईंनी उघडला. वर नुसतं स्वच्छ आभाळासारखं पान, एक पट्टी नाही. दुवा दाबला. लाल नाही! एक लांबलचक खोली दिसली, पाण्याचे पेले, पाच खुर्च्या आणि भिंतीवर घड्याळ. अकराला तीन मिनिटं कमी होती. शिवणबाईंचा जीव भांड्यात पडला. आणि कंडक्टर, वयाची पासष्टी उलटलेला माणूस, खोलीतल्या खोलीत टाळ्या पिटत म्हणाला, “डबल बेल! डबल बेल!”

मग सुई आली. आईने शिवलेला गडद निळा कोट घालून आली. खांद्यावर काय चापून बसला होता! शिवणबाईंनी आधी खांदेच बघितले, मग लेकीचा चेहरा बघितला, आणि चेहरा बघितल्यावर त्यांना खांदे दिसेनासे झाले. सुईने बोलायला सुरुवात केली. त्यातलं दोघांना ‘पूल’ आणि ‘चीर’ एवढंच कळलं.

“एकतीस वर्षं रोज पुलावरून गेलो, मला एक चीर दिसली नाही,” कंडक्टर कुजबुजले.

“म्हणून तर तिला शिकावं लागलं. गप्प बसा.”

अर्ध्या तासाने एका परीक्षकाने काहीतरी खडूस विचारलं. सुई क्षणभर थांबली, मग हात उंच करून आकृतीवरची एक जागा तिने दाखवली. आणि शिवणबाईंच्या तोंडून “अगं बाई” निघालं.

बाहीच्या तोंडाशी, निळ्या कापडावर, बोटभर पांढरा धागा. कच्च्या टाक्याचा. बाही दुमडून पक्की शिवण घालण्याआधी पांढऱ्या धाग्याने जे लांब लांब टाके घालतात ते नंतर उपसून काढायचे असतात. काढायचे म्हणजे काढायचेच! चाळीस वर्षांत शिवणबाईंच्या हातून पांढरा धागा घेऊन एकही कपडा घराबाहेर पडला नव्हता. आणि राहून राहून राहिला तो इथे, पाच विद्वानांसमोर, सगळ्या जगासमोर. कोटाच्या पार्सलची वेळ चुकू नये म्हणून त्या दिवशी घाई झाली होती. सुई परत परत हात वर करत होती आणि धागा परत परत हलत होता. शिवणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कंडक्टरांनीही बघितला. सकाळपासून खाल्लेली सगळी बोलणी परत करायची संधी होती. त्यांनी तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि मिटलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

“कुणाला दिसत नाही गं.”

“मला दिसतोय.”

परीक्षा संपली. परीक्षक उठले, हसले, सुईशी हात मिळवू लागले, म्हणजे ती पास झाली होती. कंडक्टर डोळे पुसायला खिडकीशी जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी फोन वाजला.

“आई! बघितलंस ना सगळं? दिसलं ना नीट?”

“दिसलं गं बाळा. सगळं दिसलं.” शिवणबाईंना आनंदाने बोलायचं होतं, पण आधी तेच बाहेर पडलं. “सुई, मला माफ कर. बाहीला कच्चा धागा राहिला गं. एवढ्या लोकांत... माझ्या नजरेतून कसा सुटला कुणास ठाऊक.”

पलीकडे सुई हसली. “मला माहितेय. सकाळी कोट घालतानाच दिसला मला.”

“मग काढायचा नाहीस?”

“कात्री घेतली होती हातात,” सुई म्हणाली. “मग ठेवून दिली. म्हटलं, समोर पाच परकी माणसं बसणार आहेत, आपल्या बाजूने कुणीतरी घरचं असू दे. तो खडूस म्हातारा विचारत होता ना, तेव्हा मी त्यालाच धरून उभी होते.”

शिवणबाईंनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. खिडकीपाशी उभ्या कंडक्टरांनी खुणेनेच विचारलं, काय म्हणतेय? त्यांनी आपल्याच बाहीकडे बोट दाखवलं.

“घरी आलीस की काढते तो,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“हात तर लावून बघ,” सुई म्हणाली.