लिंबाखाली गेलेली पायपुसणी

मी एक जुनी पायपुसणी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. या घरातली आई लोकांचे कपडे शिवते. बेतून उरलेल्या चिंध्यांची तिने लांब वेणी घातली, ती गोल गोल फिरवून टाके मारले आणि मी जन्मले. माझ्यात कुणाच्या झग्याचा निळा रंग आहे, कुणाच्या शर्टाच्या रेघा आहेत. मी इतकी नवी दिसत होते की आजोबा मला ओलांडूनच आत जायचे.

पुढे सगळ्यांची भीड चेपली. मागच्या दारात पडून मी घरादाराचा चिखल पोटात घातला. रंग विटले, कडा उसवल्या. माझ्याकडे कोणी पाहीनासे झाले.

अशात दूधवाल्याच्या कुत्रीचे एक पिल्लू घरी आले. काळ्याभोर गोल नाकामुळे आईच्या लेकीने, चिमीने, त्याचे नाव बटण ठेवले. आल्या आल्या तो माझ्यावर एक गिरकी घेऊन मला भिजवून मोकळा झाला. मग खुर्चीचा पाय झाला, आजोबांच्या चपला झाल्या. चिमी फडके घेऊन मागे धावायची आणि त्याला रागवायची. मग तो कपाटामागे जाऊन करू लागला.

एकदा आईने गिऱ्हाइकाचे पांढरेशुभ्र कापड जमिनीवर पसरले होते. बटणने नेमके तेच गाठले. आईने डाग काढला, पण तिचा जीव अर्धा झाला.

"आणखी एक कापड खराब झालं, तर पिल्लू परत जाईल," ती म्हणाली. "मला काय हौस आहे का? पण कापड लोकांचं आहे."

चिमी जेवली नाही. तेव्हा आजोबांनी तिला जवळ बोलावले.

"चिमे, तू त्याला रागावतेस कधी?"

"त्याने करून ठेवल्यावर."

"मग त्याला एवढंच कळतं की तुझ्यासमोर करायचं नाही. तो लपायला शिकलाय, बाहेर जायला नाही. त्याला जागा दाखव. तिथे केलं की कौतुक कर. आणि ती पायपुसणी धुऊ नकोस. तिला त्याचा वास लागलाय. अंगणातल्या लिंबाखाली नेऊन टाक."

खरे सांगते, मला फार वाईट वाटले. आयुष्यभर दार राखले आणि आता हे नशिबी आले.

पण मग गंमत सुरू झाली. बटण झोपेतून उठला की बाहेर, जेवला की बाहेर. खेळता खेळता जमीन हुंगत गोल फिरू लागला, की आजोबा त्याला काखेत मारून, पायजमा सावरत माझ्याकडे धावत येत. काम झाले की चिमी टाळ्या पिटायची.

"कसला समारंभ चाललाय?" शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारले.

"बटणने शू केली," आजोबा अभिमानाने म्हणाले.

एके दुपारी चिमी शाळेत होती. आई तयार कपडे पोचवायला निघाली. "बाबा, खाली कापड बेतून ठेवलंय. लक्ष ठेवा," ती दारातून म्हणाली. थोड्या वेळाने आतून आजोबांचे घोरणे ऐकू आले. मग बंद दारावर नखांची खरखर झाली. दार उघडले नाही. खरखर थांबली आणि माझा धीर सुटला.

तेवढ्यात आजोबांचा आवाज आला. "अरे, पायजमा सोड माझा. उठतोय ना."

दार उघडले. बटण बाणासारखा सुटला तो थेट माझ्यावर आला. भिजताना इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

आई परतली, तेव्हा आजोबांनी तिला सगळे सांगितले. तिने कापडावरून हात फिरवला. ते कोरडे होते. मग तिने बटणला उचलून गालाशी धरले. "राहा बाबा इथेच," ती म्हणाली.

मित्रांनो, घरी आलेला लहानगा जीव चुकणारच. त्याला आधी वाट दाखवा, मग थोडी कळ काढा. आणि तुमच्या दारातल्या पायपुसणीलाही अधूनमधून पाणी आणि ऊन दाखवा.

आता बटण माझ्याशिवायही अंगणात जातो. आज चिमीने मला खसखसून धुतले. मी दोरीवर वाळते आहे आणि बटण माझी कड दातांत धरून लोंबकळतो आहे. चिमी त्याच्यावर ओरडत नाही. ती त्याच्या नाकासमोर एक जुना मोजा हलवते आहे.