बारा नावं, अकरा सुया

"ही सही तुमचीच ना, सिस्टर?"

शशिकांत परुळेकरांनी कार्ड टेरेझाच्या नाकापुढे धरलं. सोसायटीच्या जिन्यापाशी, मीटरच्या खोक्यांसमोर. टेरेझाच्या खांद्याला लशींचा निळा थंड डबा लटकत होता, आणि तो खाली ठेवा असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

"माझीच."

"तारीख वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू दे."

"बारा डिसेंबर दोन हजार सात. गोवर."

"म्हणजे लस दिलीत. बरोबर? दोन महिने नाही झाले, आणि आज आमची क्षितिजा दवाखान्यात आहे. अकरा महिन्यांची पोर, नाकाला ऑक्सिजन. डॉक्टर काय म्हणतो माहितीय? गोवर. गोवरातून न्यूमोनिया. मग त्या सुईत काय भरलं होतंत तुम्ही? नळाचं पाणी?"

मागे चारपाच बायका आणि दोन बाप उभे होते. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन कडेवरच्या नातवाला थोपटत म्हणाल्या, "पानी होता तो भी ठीक था, परुळेकरभाई. मेरे बडे पोते को ट्रिपल दिया था, दो दिन पैर नहीं हिलाया उसने. पूछने गई तो बोले, होता है. अरे, होता है मतलब क्या? पहले बोलने का ना!"

"ऐकलंत?" शशिकांत म्हणाले. बंदरातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी. त्यांच्या मागच्या फळ्यावर त्यांच्याच सुबक अक्षरात नोटीस होती. लसवाल्यांना प्रवेश नाही, लस ही आईवडिलांची मर्जी. "पाच मुलं राहिलीत या बिल्डिंगीत द्यायची. एकाला हात लावायचा नाही. सक्तीचा कायदा आहे का? नाही ना? मग चला."

टेरेझाकडे उत्तर होतं. सोसायटीच्या मागच्या पत्र्याच्या चाळीत सात पोरं गोवरानं लाल झाली होती, एक मेलं होतं. ते सांगायलाच ती आली होती. पण तिची नजर त्या तारखेवर अडकली होती. बाराचा आकडा जरा तिरका, घाईतला. ओळीनं वीस कार्डांवर लिहिताना येतो तसा.

ती डबा सावरत गेटबाहेर पडली. मागून कुणीतरी म्हणालं, "बघ, तोंड आहे का बोलायला!"

*

दर बुधवारी नवघरच्या आरोग्य केंद्रावर आया आधी कार्डं टेबलावर टाकत. कार्डांची चळत म्हणजेच रांग. टेरेझा अकरा वर्षं एकच करत आली होती. आधी सगळ्या कार्डांवर तारखा टाकायच्या, सह्या मारायच्या, नावं रजिस्टरात चढवायची आणि मग हात धुऊन सुया सुरू करायच्या. पुस्तकात उलट लिहिलंय, आधी सुई, मग कार्ड. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं एका बाईला सत्तर पोरं टोचायला कधी बसवलं नव्हतं. दुसरी नर्स मागून मागून टेरेझाचे केस पांढरे झाले. तिची स्वतःची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. मार्चमध्ये संपते, एप्रिलमध्ये हात जोडले की पुन्हा मिळते.

केंद्रावर येऊन तिनं रजिस्टर काढलं. बारा डिसेंबर. गोवरची नावं बारा. मग सुयांची वही काढली. या सुया एकदाच वापरता येतात, दुसऱ्यांदा दट्ट्या हलतच नाही, म्हणून त्यांचा हिशोब पक्का असतो. गोवरच्या सुया वापरल्या, अकरा.

बारा नावं, अकरा सुया.

त्या दिवशीही तिला एक सुई जास्त दिसली होती. पाकिटातच जास्त आली असेल म्हणून तिनं ती पुढच्या बुधवारच्या डब्यात टाकली होती. आता सगळं डोळ्यांपुढे आलं. नऊवारीतली एक म्हातारी, तिच्या मांडीवर पोर. गोवरच्या सुईबरोबर अ जीवनसत्त्वाचं पिवळं औषध चमच्यानं पाजतात. ते पाजलं, आणि पोरीनं म्हातारीच्या लुगड्यावरच शी केली. म्हातारी तिला धुवायला मागच्या नळावर घेऊन गेली. टेरेझानं पुढचं नाव पुकारलं.

*

ती सरळ दवाखान्यात गेली. वरांड्यातल्या बाकावर मनोरमाबाई, शशिकांतांची बायको, क्षितिजाची आजी, एकटीच बसली होती. सून नीलम आत पोरीजवळ होती.

"आजी, एक विचारू? त्या दिवशी केंद्रावर तुम्हीच आणलं होतंत ना हिला?"

"मीच. नीलमला रजा कुठली मिळत्येय!"

"सुई कुठल्या दंडावर दिली, आठवतं?"

"सुई?" म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "चमच्यानं पाजलंत ना तुम्ही. मी धुऊन आणली तर टेबलावर कार्ड होतं, तारीख पडलेली. मी म्हटलं झालं. घरी नीलमनं विचारलंन पण, रडली का गं? मी म्हटलं, अज्जिबात नाही, शहाणी माझी ती."

बोलता बोलता तिला समजलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

"म्हणजे मी..."

"तुम्ही नाही, आजी."

"ह्यांना सांगू नका हो. जन्मभर ऐकवतील. नीलम तर माझ्या हातात पोर देणार नाही परत. पाया पडते तुमच्या."

काचेपलीकडे क्षितिजाची छाती भात्यासारखी खालीवर होत होती. टेरेझानं दोन मिनिटं बघितलं. तिसरं मिनिट तिच्यानं बघवलं नाही.

*

"वेडी आहेस का तू?" केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी दार लावून घेतलं. "लस दिलेल्यालाही गोवर होतो. नवव्या महिन्याला दिली तर शंभरातल्या पंधरा मुलांना लागूच पडत नाही. पुस्तकात आहे. हेच सांग त्यांना. यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही, मॅडम."

"मग?"

"पण हिला दिलीच नव्हती. आणि ती बिल्डिंग म्हणतेय, दिली तरी होतो, मग द्यायची कशाला. शेजारच्या दोन बिल्डिंगी पण तेच म्हणायला लागल्यात. माझ्यामुळं."

"तू तोंडानं सांगितलंस तर ते लेखी मागतील. लेखी दिलंस तर मी तुला वाचवू शकणार नाही. आणि उद्या पेपरात येईल, नर्सनं खोट्या तारखा टाकल्या. मग कोण येईल आपल्याकडे? विचार केलायस?"

मॅडम वाईट बाई नव्हती. तिच्याही डोक्यावर टक्केवारीचा तक्ता होता. शंभर टक्के भरलं की वरचे खूश, वरच्यांच्या वरचे खूश. त्या तक्त्यात हंसाबेनच्या नातवाच्या न हललेल्या पायाला रकाना नव्हता. त्या बाईला "दुखेल, ताप येईल, दोन दिवसांत बरं होईल" एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर आज ती लसवाल्यांच्या अंगावर आली नसती. पण सांगायला वेळ लागतो, आणि वेळ तक्त्यात धरत नाहीत.

रविवारी सकाळी तारोडीला, घरापुढे जाळं शिवत बसलेल्या नवऱ्यानं, गॅब्रियलनं, तेच सांगितलं, आपल्या भाषेत. "कोन ईचारतंय तुला? मॅडम न्हाय बोल्ली ना? मग गप रव. बोट अजून काठाला हाय, तुजा पगार हाय म्हनून चूल हाय."

"पोरं हायत तितं, गॅब्रू."

"आपली हायत?"

टेरेझानं पांढरी साडी नेसली, चर्चमध्ये मिस्साला न जाता बस पकडली. केंद्रावरून डबा घेतला.

*

रविवारची सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली होती. पाण्याच्या टँकरवरून भांडण चाललं होतं. टेरेझा गेटातून आत आली तसं ते थांबलं.

"नोटीस वाचता येत नाही का तुम्हाला?" शशिकांत उठले.

"वाचली. दोन मिनिटं द्या, मग जाते."

नीलम अंघोळीला म्हणून दवाखान्यातून घरी आली होती. ती जिन्याच्या पायरीवर उभी होती, ओल्या केसांनी. तिच्या मागे मनोरमाबाई.

टेरेझानं डबा खाली ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं तरी ठेवला.

"क्षितिजाला गोवरची लस दिलेली नाही," ती म्हणाली. "कार्डावर तारीख आहे, सही माझी आहे. पण सुई दिली नाही. मी सगळ्या कार्डांवर आधीच तारखा टाकते. ती राहिली. बारा नावं होती, सुया अकरा गेल्या. मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं."

टँकरचा विषय कुणाला आठवला नाही.

"मग तिला टोचलंच नाही?" नीलमचा आवाज अगदी साधा होता. दुकानात भाव विचारावा तसा. मग ती वळली. "आई, तुम्ही तर म्हणालात रडली नाही. तुम्ही होतात ना तिथं? तुम्हाला दिसलं नाही?"

मनोरमाबाईंनी कठडा धरला.

"आजींनी विचारलं होतं," टेरेझा म्हणाली. "दोनदा विचारलं, सुई राहिली का म्हणून. मीच म्हटलं, झालं सगळं, घेऊन जा. त्यांच्यावर ओरडले मी."

हे तिनं कुठं ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं. मनोरमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नीलम पायऱ्या उतरून आली. टेरेझाला वाटलं, आता मारणार. तिनं मारलं नाही. "तुम्हाला मुलं आहेत?" एवढंच विचारलं.

"दोन. मोठी आहेत."

"त्यांच्या कार्डांवर पण आधीच तारखा टाकल्या होत्यात?"

नीलम गेटातून बाहेर पडली, रिक्षाला हात केला.

"लेखी द्या," शशिकांत म्हणाले. सोसायटीच्याच वहीत टेरेझानं उभ्यानं लिहिलं, सही केली. आणि या वेळी तारीख शेवटी टाकली.

"मतलब," हंसाबेन सावकाश म्हणाल्या, "दवाई खराब नहीं थी. तुम खराब थी."

"हां, बेन."

"और अभी बोलती हो, लगवाओ. क्या होगा मेरे बच्चे को, सच बोलो. वो 'होता है' नहीं चलेगा."

टेरेझानं सांगितलं. दंड दुखेल. आठवड्यानं ताप येईल, एखाद्याच्या अंगावर थोडं लाल उठेल, दोनतीन दिवसांत जाईल. लाखात एखाद्याला टोचल्यावर लगेच मोठी रिअॅक्शन येते, म्हणून अर्धा तास इथंच बसायचं, त्याचं औषध माझ्याजवळ आहे. आणि शंभरातल्या पंधराजणांना लागत नाही, हेही खरं. पण पंच्याऐंशी जणांना लागते. मागच्या चाळीत ज्यांना गोवर झालाय, त्यातल्या एकालाही दिलेली नव्हती, घरोघर जाऊन पाहून आलेय मी.

"नहीं लगवाया तो?"

"तो आपकी मर्जी. चाळीचा आणि तुमचा नळ एकाच गल्लीत आहे, बेन, पोरं तिथंच एकत्र असतात. गोवर मर्जी नाही विचारत."

हंसाबेननी नातवाचं झबलं खांद्यावरून खाली केलं. "लगाओ. हाथ धो के."

"थांबा हो!" दुसऱ्या मजल्यावरचा स्वप्नील पुढे आला. कॉल सेंटरमधला पोरगा, पहिलंच मूल. "काय चाललंय हे? चूक कबूल केली म्हणून विश्वास ठेवायचा? उलट झालं ना! कार्डावरचं खोटं, तर बाटलीत काय आहे ते कोण सांगणार? मी नाही देणार. आता तर मुळीच नाही."

"ठीक आहे, दादा," टेरेझा म्हणाली. त्याचं चुकतंय असं तिला म्हणता येईना.

*

दहा वाजता तिनं बाटली उघडली. पाच मुलांची बाटली असते. एकदा उघडली की चार तास, मग टाकून द्यायची. पावणेअकरापर्यंत चार मुलं झाली. एकेक सुई दाखवून, एकेक नाव विचारून, कार्डं सगळ्यात शेवटी. अर्धा तास सगळ्या बसल्या. कुणाला काही झालं नाही. मग त्या घरी गेल्या. पाणी कुणी विचारलं नाही.

टेरेझा स्कूटरांच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. साडेअकराला मॅडमचा फोन आला. परुळेकरांनी वहीतलं पान घेऊन वरपर्यंत फोन लावले होते. "उद्या डबा जमा कर," मॅडम म्हणाल्या. आणि मग, जरा थांबून, "किती झाली?"

"चार. एक यायचंय."

मनोरमाबाई बाराच्या सुमाराला खाली आल्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या. वरून शशिकांतांनी दोनदा हाक मारली. त्या उठल्या नाहीत.

"एक उरलीय ना?" त्यांनी विचारलं. "आमच्या हिला चालेल? दवाखान्यात नेऊन?"

"नाही आजी. ज्याला झाला त्याला पुन्हा होत नाही. तिला आता लशीची गरज नाही."

"ऑक्सिजन अजून काढला नाही."

"हो."

एक वाजला. दीड वाजला. टेरेझा पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होती. दोनला पाच मिनिटं कमी असताना ती उठून जिन्यापर्यंत गेली, दोन पायऱ्या चढली आणि परत खाली आली.

दोन वाजले. तिनं बर्फावरची बाटली काढली. वर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत स्वप्नीलचं बाळ जाळीला दोन्ही हातांनी धरून उभं होतं, नुकतंच उभं राहायला शिकलेलं, आणि खाली तिच्याकडे बघून हसत होतं. टेरेझानं बाटली कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि पिशवीची गाठ मारली.