खिशातला गजर

मेंदूज्वरानं स्टोअरकीपरच्या डोक्याची पार चाळण करून टाकली होती. जुनं सगळं शाबूत. गोदामात कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, झोपेतही सांगेल. पण सकाळी ठरवलेलं दुपारी साफ धुतलेलं. म्हणून खिशात डिजिटल डायरी. तीच ओरडायची: गोळी घे, जेव, आणि शाळा सुटायच्या वेळी, चिमणीला आण.

चिमणी म्हणजे त्याची पहिलीतली लेक. आई कामावरून संध्याकाळी यायची, तोवर पोर बापाच्या हवाली. आजारातून उठल्यावर एकदा तो तिला शाळेतच विसरला होता. तेव्हा बायको म्हणाली होती, "पुन्हा असं झालं, तर मी तिला घेऊन आईकडे जाईन. धमकी नाही देत, खरंच जाईन." त्यानंतर ही डायरी आली, आणि डायरी एकदाही चुकली नाही.

पण सुरळीत चाललेलं बघवेल तो थोरला भाऊ कसला! त्याचं कॉम्प्युटरचं दुकान.

"फेक ते डबडं," दादा म्हणाला आणि तळहाताएवढं यंत्र त्यानं पुढं सरकवलं. "हा अख्खा कॉम्प्युटर आहे, लेका! पत्रं, हिशेब, गाणी, सगळं. तुझ्या डायरीत काय, नुसतं टिवटिव."

"मला टिवटिवच लागते, दादा."

"अरे, गजर यातही आहे, मीच लावून देतो. फक्त काम झालं की नीट बंद करत जा, नाहीतर बिघडेल."

डायरी दादाच्या खणात गेली. काय म्हणणार, थोरल्यापुढं याचं कधी चाललंय?

दुसऱ्या दिवशी त्यानं नव्या यंत्रात मालाची आवक नोंदवली आणि सांगितल्याप्रमाणे ते नीट बंद केलं. डायरीही तो अशीच बंद करायचा, पण ती बंद असतानाही वेळेला ओरडायची. हा अख्खा कॉम्प्युटर बंद म्हणजे ठार बंद.

संध्याकाळी बायको दारातूनच म्हणाली, "चिमणी कुठाय?"

त्यानं यंत्र चालू केलं. यंत्रानं आधी रंगीत चित्र दाखवलं, मग जरा विचार केला, मग ऐटीत सांगितलं: चिमणीला आण.

पोर सापडली बस डेपोच्या पलीकडे, एका फळवाल्यापाशी. एक बूट हरवलेला, रडून घसा बसलेला. सकाळ होताच बायकोनं बॅग भरली.

दुपारी तो तडक दादाच्या दुकानात गेला.

"बंद कशाला केलास?" दादा उलट त्याच्यावरच डाफरला. "बंद कॉम्प्युटर वाजेल कसा?"

"तूच म्हणालास, नीट बंद कर."

"तसं नव्हे रे! तुला ना, काही सांगायची सोयच नाही."

तेवढ्यात खणात टिवटिव सुरू झाली. दादानं न बघताच हात घालून ती दाबली. "काल पण याच वेळेला बोंबललं. वैताग नुसता!"

"काल वाजलं होतं? मग वाचलं नाहीस?"

"गिऱ्हाईक समोर होतं रे."

स्टोअरकीपरनं तो कॉम्प्युटर टेबलावर आपटला, डायरी खिशात घातली आणि तो चालू लागला.

त्यानंतरच्या दुपारी गोदामात डायरी वेळेवर ओरडली. त्यानं हातातलं काम टाकलं आणि धापा टाकत शाळा गाठली. घंटा झाली, पोरं आली, पांगली. तो फाटकाला चिकटून उभा. शेवटी शिपाई कुलूप घेऊन आला.

"साहेब, तुमच्या मिसेस काल दाखला घेऊन गेल्या ना? मुलीला दुसऱ्या गावच्या शाळेत घालणार म्हणाल्या."

"हो, हो," तो म्हणाला. "माहितीये मला."

त्यानं डायरी बंद करून खिशात टाकली. उद्याही ती वाजणार होती, आणि उद्याही तो येणार होता.