वळणरस्त्यावरची गाडी

पेडगावच्या पुढे पुलाचं काम चालू होतं. बाजूच्या कच्च्या वळणरस्त्यावर एकाच गाडीपुरती जागा, दोन्हीकडे चर. समोर जेसीबी माती ओढत होता, म्हणून प्रमोदिनीबाईंनी गिअरचा लिव्हर 'पार्क'वर टाकून गाडी बंद केली. वाट मोकळी झाली, पुढच्या गाड्या निघाल्या. बाईंनी चावी फिरवली. काहीच नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही.

मागे एसटी उभी होती, बारावीच्या मुलांनी भरलेली. साडेदहाला परभणीत पेपरला हजर व्हायचं होतं. पावणेदहा वाजले होते.

पंधरा-वीस मुलं उतरून ढकलायला लागली. गाडी जागची हलेना. ऑटोमॅटिक गाडी, पार्कमध्ये पुढची चाकं जाम. आणि बॅटरी गेल्यामुळे लिव्हरही अडकलेला.

जेसीबीवाला, जीवन, साखळी घेऊन आला. "बाई, लय वेळ व्हायलाय. वढून घेतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "अशीच ओढली तर गिअरबॉक्स मोडेल अन् ही इथेच अडकून बसेल. पाच मिनिटं द्या. स्क्रू-ड्रायव्हर आहे?"

"हाय की."

बाईंनी कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. शेजारी नवरा, व्यंकटराव, बसले होते. दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. तेव्हापासून बाईच गाडी चालवत. वयाच्या छपन्नाव्या वर्षी शिकल्या होत्या.

चित्र सापडलं. लिव्हरजवळ एक छोटं झाकण, त्याखाली अडकलेला लिव्हर सोडवायची कळ. बाईंनी आधी हँडब्रेक ओढला, चावी चालूवर ठेवली, ब्रेक दाबला. झाकण निघालं. आत बोट मावत नव्हतं, म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घातला. पण कळ खोल दाबून धरायची, त्याच वेळी लिव्हरचं बटण दाबून तो मागे घ्यायचा. स्क्रू-ड्रायव्हर दोनदा निसटला.

"बाजूला हो," व्यंकटराव अडखळत म्हणाले. "मी... धरतो."

"अहो, तुमचा हात—"

"धरतो म्हणलं ना!"

त्यांनी उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीभोवती वळवली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कपाळावर घाम आला.

"आता," ते म्हणाले.

बाईंनी लिव्हर ओढला. खट् आवाज झाला. रिव्हर्स, मग न्यूट्रल.

"पडली न्यूट्रलला! ढकला!" त्यांनी हँडब्रेक सोडला.

इंजिन बंद, स्टिअरिंग दगडासारखं जड. बाईंनी दोन्ही हातांनी ते पेललं. चाळीस पावलांवर रस्ता रुंद झाला तिथे गाडी कडेला घेऊन त्यांनी पुन्हा हँडब्रेक ओढला.

मुलं धावत बसमध्ये चढली. एसटी धुरळा उडवत गेली तेव्हा दहाला पाच कमी होते.

व्यंकटराव अजून स्क्रू-ड्रायव्हर धरून बसले होते. जीवननं तो हलकेच सोडवून घेतला. "मामा, लय जोर हाय तुमच्यात."

दुपारी मेकॅनिक नवी बॅटरी घेऊन आला. तोवर बाभळीच्या सावलीत बसून व्यंकटरावांनी पाण्याची बाटली उजव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला. दोनदा सांडली. बाई मदतीला सरकल्या नाहीत. तिसऱ्यांदा ते प्याले.