पुढचीच्या टाचांकडे बघून

आमचे सर आयुष्याचे धडे धावता धावता देत नसत. धावायचो आम्ही, ते शेजारून सायकलवरून द्यायचे. दम त्यांना लागत नसल्यामुळे धडे ऐसपैस असायचे. चढ आला की चिकाटी, उतार आला की संयम, आणि पोटात कळ आली की त्यांचं लाडकं वाक्य, ‘शरीराचं ऐकू नका, शरीर कामचुकार असतं.’ मी मूर्खासारखी हे सगळं मनावर घ्यायची.

त्या सकाळी सर आले नाहीत. सायकलची चेन तुटली होती. निवड चाचणी आठवड्यावर आली होती, क्लबमधून एकीलाच पाठवायचं होतं, आणि ती एक म्हणजे मी. नाव दुपारपर्यंत कळवायचं होतं. चाचणीच्या आधी पाय जपायचे असतात, म्हणून त्या दिवशी फक्त हलकं धावायचं होतं. कालव्याच्या कडेने पुलापर्यंत जायचं आणि गोदामांच्या मागून परत यायचं. रोजचाच रस्ता.

आमच्याकडे पद्धत अशी की जोडीने धावायचं आणि घड्याळ फक्त पुढचीच्या हातात असायचं. मागचीने वेळ विचारायची नाही, पुढचीच्या टाचा बघायच्या आणि त्यांच्या मागे जायचं. मागची घड्याळ बघायला लागली की डोक्याने धावते, असं सरांचं म्हणणं. पुढे कायम माझी ताई. ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्रीच्या यंत्रापाशी उभी असते. तिचा वेग जराही हलत नाही. पण शेवटच्या फेरीत तिला जोर काढता येत नाही, म्हणून शर्यत माझी आणि सराव तिचा, हे सरांनी कधीच ठरवून टाकलं होतं. ताईने त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. मला तर ती वाटणी एकदम रास्त वाटायची. फायदा ज्याचा होतो त्याला वाटणी रास्तच वाटते.

कालव्याचं पहिलं वळण गेलं आणि मला धाप लागली. हलकं धावताना आम्ही अख्ख्या गल्लीची निंदानालस्ती करत जायचो, इतका श्वास शिल्लक असायचा. त्या दिवशी एक शब्द तोंडातून निघेना. पुलापाशी मांड्या दगड झाल्या. शेवटी मी पद्धत मोडून विचारलंच, की ताई, जोरात जातेयस का?

तिने मागे न बघता घड्याळाकडे पाहिलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “उलट रोजच्यापेक्षा रेंगाळतोय आपण. तुला बरं वाटत नाहीये का?”

झालं. त्यानंतर मी धावत नव्हते, स्वतःला शिव्या देत फरपटत होते. सगळा हंगाम घाम गाळला आणि ऐन वेळी पाय गळाले. चाचणीत सगळ्यांसमोर अशीच मागे पडणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. तरी टाचा सोडल्या नाहीत. गोदामांच्या मागे मला उलटी झाली. ताईने पाठ चोळली, पाणी दिलं, तोंड पुसायला स्वतःचा रुमाल दिला. म्हणाली, होतं असं कधीकधी, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मी तिथेच फुटपाथवर बसून रडत सरांना फोन केला आणि सांगितलं, की माझ्यात काही राहिलं नाही, ताईचं नाव द्या. सर दोनदा म्हणाले, नीट विचार केलास का. मी दोनदा हो म्हणाले. ताई शेजारी उभी राहून बुटाची नाडी बांधत होती.

घरी पोचलो तर बाबा दाढी करत होते. आम्ही परत येईपर्यंत एरवी ते कामावर निघून गेलेले असायचे. त्यांनी आरशातूनच विचारलं, “काय गं, आज अर्ध्या रस्त्यातून परत आलात?”

मी ताईकडे बघितलं. ती न्हाणीघरात गेली आणि तिने कडी लावली.

मी तशीच घामट कपड्यांत सरांच्या घरी गेले. ते अंगणात सायकल उलटी करून बसले होते, हात काळेकुट्ट. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ताईला शर्यतीच्या वेगाने धावायला त्यांनीच सांगितलं होतं. मला पायाखालचा वेग ओळखता येतो का, ते त्यांना बघायचं होतं. ताईने न्हाणीघरातूनच फोन करून त्यांना वेळ कळवली होती. एवढी चांगली वेळ मी आजवर कधी दिली नव्हती. त्या वेळेत निवड डोळे झाकून झाली असती.

“मग माझं नाव परत घाला,” मी म्हणाले.

“कशाला? आयुष्यातलं सगळ्यात चांगलं धावलीस आणि रडत मला फोन केलास. अशा मुलीचं मी काय करू?” त्यांनी चेन दातांवर बसवली. “तू विचारलं असतंस तर ती खरं सांगणार होती. मी तिला तसं बजावलं होतं.”

“मी विचारलं होतं, सर.”

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता न्याय होईल. ताईचं वाटोळं होईल आणि मला जागा परत मिळेल, आणि त्या क्षणी मला दोन्ही हवं होतं.

“असं?” ते म्हणाले. तोंडावर चक्क कौतुक होतं. “हिच्यात एवढी धमक असेल असं वाटलं नव्हतं मला. मग तीच जाऊ दे.”

घरी आले तेव्हा ताई केस पुसत होती. मी किंचाळले नाही. फक्त विचारलं, खोटं का बोललीस. तिने टॉवेल बाजूला ठेवला. माफी मागेल असं वाटलं, पण तसं काही झालं नाही.

“मला वाटलं तू भांडशील,” ती म्हणाली. “म्हणशील, काहीतरीच काय, मला कळतंय ना आपण किती जोरात चाललोय ते. पायही तुझे, धापही तुझी. आणि तू माझ्या एका वाक्यावर सोडून दिलंस.”

 

ताई चाचणीला गेली आणि निवडली गेली. मी सर सोडले, क्लब सोडला, धावणं काही सुटलं नाही. सकाळी एकटीच जाते, स्वतःचं घड्याळ बांधून. दर थोड्या अंतराने त्यात बघते. ते सांगतं की वेग चांगला आहे, आणि माझा विश्वास बसत नाही. मग ते सांगतं की वेग कमी आहे, आणि माझा लगेच बसतो.