बायकोचा हात न लागलेला गडू

दिनेशची नोकरी गेली तेव्हा कंपनीनं त्याला निरोपाचं म्हणून एक घड्याळ दिलं होतं. अंबडच्या कारखान्यात एकोणीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला वेळ बघायला घड्याळ, आणि तेही आता वेळच वेळ असताना. दिनेशनं ते घड्याळ महिनाभर कपाटात ठेवलं आणि मग नाशिकरोडच्या सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरच्या एका लिलावाच्या साइटवर विकून टाकलं. साल दोन हजार चार. जळगावच्या कुणीतरी ते घेतलं, वेळेवर ड्राफ्ट पाठवला आणि दिनेशच्या नावापुढं हिरवा शेरा दिला, 'विकणारा प्रामाणिक.' कंपनीनं एकोणीस वर्षांत जे लिहून दिलं नव्हतं ते एका अनोळखी माणसानं चार दिवसांत लिहून दिलं. तिथून त्याला हे वेड लागलं.

भांडी बाजारात लोक जुनी भांडी मोडीत देतात आणि नवं स्टील घेऊन जातात. दिनेश ती मोडच वजनावर उचलायला लागला. पानाचे डबे, अडकित्ते, समया, दौती. फोटो तो काढायचा, मेव्हण्याचा कॅमेरा मागून. बाकी सगळं संध्या करायची. संध्या म्हणजे त्याची बायको. नामपूरची, दहावी पास, आणि लग्नाआधी इंग्रजी टायपिंगची, मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा दिलेली. त्या परीक्षेचं पुढं काही झालं नव्हतं. लग्नानंतर तिच्या बोटांना फॉल-पिको सोडून दुसरं काम मिळालं नाही. आता मात्र ती कॅफेत दिनेशच्या शेजारी बसून वस्तूंची माहिती धडाधड टाइप करायची, कारण दिनेश एका बोटानं एकेक अक्षर शोधत बसायचा आणि कॅफेचं बिल तेवढं वाढायचं. तिला मजा यायची. पंधरा वर्षं गंज चढलेली बोटं चालताहेत याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटायचं.

पॅकिंगही तिचंच. पहिलं भांडं पाठवताना तिचा हात थबकला. आपल्याकडं भांडं कुणाच्या घरी रिकामं धाडत नाहीत. तिनं साखरेची एक पुडी बांधून त्यात टाकली. दिनेश हसला, पण आठ दिवसांनी कोलकात्याच्या बाईंचा शेरा आला की वस्तू सुंदर आहे आणि साखरेनं डोळ्यांत पाणी आलं. मग काय, प्रत्येक पार्सलात पुडी. हिरवे शेरे शंभराच्या वर गेले. दिनेशच्या नावापुढं 'शंभर टक्के' असं दिसायचं आणि तो ते आल्यागेल्याला दाखवायचा. संध्याही हुरळून गेली होती, खोटं कशाला बोला.

आणि त्या हुरळण्यातच ती चुकली. दिल्लीच्या एका गृहस्थानं पितळेचा पानाचा डबा घेतला होता. बराच जुना, काळवंडलेला, सांध्यांत हिरवट झालेला. दिनेश माल बघायला गेला होता. संध्यानं डबा हातात घेतला आणि तिला लाज वाटली. असलं कळकट भांडं परक्याच्या घरी जाणार? ते म्हणतील, या घरात बाई आहे की नाही? तिनं चिंच भिजवली, रांगोळी घेतली आणि तासभर बसून डबा असा लखलखीत केला की त्यात तोंड दिसावं. साखर घातली, पार्सल शिवलं, पाठवून दिलं. आपण जास्तीचं काम केलं याचा आनंदच होता तिला.

दिल्लीहून लाल शेरा आला. 'फोटो जुन्या डब्याचा, पाठवला नवा. लबाड माणूस.'

जुन्या वस्तू घेणाऱ्यांना तो काळेपणाच हवा असतो, त्याचेच ते पैसे मोजतात, हे संध्याला त्या दिवशी कळलं. दिनेशनंही ते तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, त्यात सांगायचं काय. दिनेश दोन दिवस जेवला नाही. शंभर टक्क्यांचे नव्याण्णव झाले होते आणि घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता होती. चूक माझी आहे, मीच माफी टाइप करते, असं संध्या म्हणाली. दिनेश नको म्हणाला आणि एकटाच कॅफेत गेला. परत आला तो तीन तासांनी. आठवड्यानं दिल्लीवाल्यानं शेरा मागं घेतला, टक्के पुन्हा शंभर झाले, आणि दिनेश जिलबी घेऊन आला. त्यानं काय लिहिलं हे संध्यानं विचारलं नाही. जिलबी मात्र खाल्ली. पुढं तिला त्या जिलबीचाच जास्त राग आला.

दिवाळीच्या आधी तीस वस्तू एकदम टाकायच्या होत्या म्हणून दिनेश तिला पुन्हा कॅफेत घेऊन गेला. तो बाहेरच्या बूथवरून फोनवर बोलत होता. तिनं त्याचं पान उघडलं आणि दिल्लीवाल्याला दिलेलं उत्तर वाचलं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण कळण्यासारखं होतं. 'माफ करा. माझी बायको खेड्यातली, अडाणी आहे. तिला लिहितावाचता येत नाही, जुन्या वस्तूंतलं काही कळत नाही. यापुढं तिचा हात कुठल्याही वस्तूला लागणार नाही.'

एका बोटानं, एकेक अक्षर शोधून, तीन तास बसून त्यानं हे लिहिलं होतं. रागाच्या भरात माणूस तोंडानं काहीही बोलून जातो. हे तसं नव्हतं. 'अडाणी' लिहिताना प्रत्येक अक्षराला थांबायला जागा होती.

दिनेश आत आल्यावर तिनं पडद्याकडं बोट दाखवून विचारलं, "मी अडाणी?"

"अगं, ते धंद्याचं बोलणं," तो म्हणाला. "असं लिहिलं की समोरच्याला पटतं. तुला कोण ओळखतंय तिथं?"

त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेच तर खरं दुखणं. उलट त्या पानावर सगळ्यांना दिसणारं ते वाक्य लोकांना आवडलं. बेंगळुरूच्या एकानं गमतीनं लिहिलं, 'तुमच्या बायकोला यापासून लांब ठेवा.' दिनेशनं ते घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. मग त्याच्या डोक्यात कल्पना आली आणि प्रत्येक वस्तूच्या माहितीखाली तो एक ओळ टाकायला लागला, 'या वस्तूला माझ्या बायकोचा हात लागलेला नाही.' माल जोरात खपायला लागला. परक्या माणसांनी हसावं म्हणून त्यानं बायको चव्हाट्यावर मांडली होती. टायपिंगला संध्यानं जाणं बंद केलं. पॅकिंग करायची तेवढी, आणि साखर घालायची.

जानेवारीत ती भाचीच्या साखरपुड्याला नामपूरला चार दिवस गेली. परत आली तर तिची लोखंडी पेटी उघडी होती आणि तळाशी फडक्यात बांधून ठेवलेला तांब्याचा गडू नव्हता.

तो तिच्या आईचा, लंकाबाईचा. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं तो स्वतः घासला होता आणि संध्याच्या हातात देऊन तिच्या अहिराणीत म्हणाली होती, "हाऊ गडू तुना शे." आईनं घासलेलं शेवटचं भांडं म्हणून संध्यानं त्याला कधी चिंच लावली नाही. सहा वर्षांत तो काळा पडत गेला, तरी नाही. घरात घासायचा राहिलेला तेवढा एकच.

दिनेशनं सगळं उत्साहानं सांगितलं. कॅफेतून आणलेला कागदही दाखवला. गडूचा फोटो होता, खाली तीच ओळ होती, बायकोचा हात न लागल्याची. दोन जण बोली लावत होते, नऊशेवर गेली होती, गुरुवारी दुपारी चारला लिलाव संपणार होता.

"तो माझ्या आईचा आहे. काढून घ्या," संध्या म्हणाली.

"पेटीत पडून होता, तू तर वापरतही नव्हतीस," तो म्हणाला. "आता बोली लागलीय. मधेच काढला तर लाल शेरा येईल. आपले टक्के जातील, संध्या. तुला नवीन घेऊन देतो, चांगला जाड पत्र्याचा."

तिनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात जोडले. तो म्हणाला, भावनेवर धंदा होत नाही. मग ती बोलायची थांबली. नवऱ्याला वाटलं, पटलं.

मनमाडला रेल्वे क्वार्टरमध्ये सविता राहायची, टायपिंग क्लासातली मैत्रीण. संध्यानं एसटीडी बूथवरून तिला फोन केला. सविताच्या नावावर, सविताच्या पत्त्यावर लिलावाच्या साइटवर खातं उघडलं गेलं. पिकोच्या मशीनला मोटर बसवायची म्हणून संध्यानं तीन हजार रुपये साठवले होते. गुरुवारी ब्लाउज द्यायला जाते म्हणून ती बाहेर पडली आणि साडेतीनला दुसऱ्याच, बिटको चौकाजवळच्या कॅफेत जाऊन बसली.

बेंगळुरूचा तोच गमत्या माणूस समोर होता. पंधराशे. संध्यानं सोळाशे केले. त्यानं अठराशे. तिचा जीव टांगणीला लागला होता, पण बोटं चुकत नव्हती. दोन हजार. बावीसशे. चार वाजायला दोन मिनिटं कमी असताना त्यानं पंचवीसशे केले आणि संध्यानं एका दमात सव्वीसशे पन्नास टाइप केले. चार वाजले. आपल्याच आईचा गडू आपल्याच नवऱ्याकडून तिनं विकत घेतला होता. हसावं की रडावं हे न कळून तिनं कॅफेवाल्याचे वीस रुपये दिले आणि घरी येऊन चहा टाकला.

दिनेश संध्याकाळी नाचतच आला. मनमाडच्या कुणी बाईनं सव्वीसशे पन्नासला घेतला, विश्वास बसत नाही, म्हणाला. संध्याच्या साठवणीतल्या पैशांचा ड्राफ्ट सविताच्या नावानं आल्यावर त्यानं गडू स्वतः कागदात गुंडाळला. संध्याला हात लावू दिला नाही. फक्त म्हणाला, "तुझी साखर दे." तिनं पुडी बांधून दिली. त्या पैशांतून दिनेशनं स्वतःला मोबाइल घेतला. जाड पत्र्याच्या गडूची त्याला आठवण राहिली नाही.

पुढच्या रविवारी संध्या मनमाडला जाऊन गडू घेऊन आली आणि येताना स्टेशनजवळच्या कॅफेत शिरली. सविताच्या खात्यातून शेरा देण्याच्या चौकटीत तिनं लाल निवडलं आणि इंग्रजीत लिहिलं, 'वस्तू फोटोप्रमाणे आहे. पार्सल वेळेवर मिळालं. पण ही वस्तू विकणाऱ्याची नव्हती, त्याच्या बायकोच्या आईची होती. त्यानं ती न विचारता विकली. बायको अडाणी नाही. हे तिनं स्वतः टाइप केलं आहे.'

दिनेशनं दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि धावतपळत तिला घ्यायला आला. ती त्याच्याबरोबर कॅफेत गेली. तो पडद्यासमोर बसला होता, नव्याण्णवकडं बघत. गडू कुठं आहे हे त्यानं विचारलं नाही. तुला पैसे कुठून मिळाले, हेही नाही.

"खाली उत्तर द्यायला जागा असते," तो हळू आवाजात म्हणाला. "लवकर दिलं पाहिजे, लोक वाचतील. माझं एका बोटानं फार वेळ जातो. तू टाइप करशील?"

संध्यानं खुर्ची पुढं ओढली आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

"सांगा," ती म्हणाली, "काय लिहू?"

कॅफेचं अर्ध्या तासाचं बिल झालं, मग तासाचं. ती तशीच हात ठेवून बसून राहिली. दिनेशला एकही वाक्य सांगता आलं नाही.