शंभरातले पंधरा

२०२३ सालच्या डिसेंबरात, सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत, धनुबाईंच्या दोन्ही मुलांनी बापाच्या कंपनीतला आपापला हिस्सा एकाच दिवशी विकायला काढला, आणि एकाचं दुसऱ्याला कळलं नाही. घोडा विकणारासुद्धा आधी घरात विचारतो. ह्यांनी तेवढंही केलं नाही.

कंपनी म्हणजे धनाई मसाले लिमिटेड. तिचा उगम नंदुरबारबाहेरच्या पथारीवर झाला. पथारी म्हणजे ओली मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. भिलाशेठनी चाळीसेक वर्षांपूर्वी ती मांडली तेव्हा ऑफिस नव्हतं, खुर्ची नव्हती. पोत्यावर बसून हिशेब चालायचा. पौषात लांबून बघितलं तर गावाबाहेर कुणी शंभर लाल लुगडी वाळत टाकली आहेत असं वाटे. धनुबाई स्वतः देठ खुडायला बसत. शेजारी तुळशीबाई असे, दर हंगामाला धडगावच्या डोंगरातून मुलाबाळांसह उतरणारी. दोघींच्या बोटांची संध्याकाळी सारखीच आग होई, आणि दोघी एकाच ताकाच्या भांड्यात हात बुडवून बसत. आपल्या बायकोचं नाव भिलाशेठनी मसाल्याला दिलं आणि पुढे पाकिटावर तिचा चेहराही छापला: नाकात नथ, डोक्यावर पदर, आणि फोटोग्राफरवर रागावलेले डोळे.

भिलाशेठ गेले. चार वर्षांनी, २०१६ साली, मुलांनी कंपनी शेअरबाजारात नेली. थोरला चंदन आईला समजवायला बसला.

"माय, कंपनीना शंभर भाग करात. त्यामा वीस मन्हा, वीस कुंदनना, पंधरा तुन्हा. बाकीना लोकेसना आनि मोठमोठा फंडवालासना."

"म्हंजे पंचेचाळीस इकात ना?"

"इकात नही माय, लिस्ट करात."

"बरं," धनुबाई म्हणाल्या. "आते इकाले लिस्ट म्हनतस का?"

मुंबईला नेऊन त्यांच्या हातून बाजाराची घंटा वाजवून घेतली. फोटोत घंटेच्या दांडीवर धनुबाईंचा हात दिसत नाही. त्यावर चंदनचा हात आहे, चंदनच्या हातावर कुंदनचा. शाळेची घंटा वाजवायला एक शिपाई पुरतो. इथे तिघं लागली आणि टाळ्या वाजवायला आणखी चाळीस माणसं.

त्यानंतर घरात एक वाक्य उठता-बसता ऐकू येऊ लागलं: घरचे पंचावन्न आहेत तोवर आपल्याला कोण हलवतो? चंदन ते वाक्य पाहुण्यांना ऐकवी, कुंदन सासरच्यांना. चंदनची बायको चारुलता भिशीच्या बायकांना ऐकवी. पंचावन्न म्हणजे तिघांचे मिळून, एवढी बारीकशी गोष्ट कुणी लक्षात ठेवली नाही. ठेवणार कशी? दोन्ही भाऊ पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. कंपनीच्या वार्षिक अहवालात एका वर्षी कुंदनचा फोटो आधी छापला गेला आणि चंदनचा पान उलटल्यावर. तेव्हापासून एका इमारतीत दोन जिने झाले आणि दोन चहावाले.

यात्रेत दोघांचे दोन तंबू. एकाने मारवाडी घोडी बांधली म्हणून दुसऱ्याने काठेवाडी. आणि दोन्ही तंबूंत पाहुणा मात्र एकच: मुंबईहून आलेला धर्मेंद्र नावाचा दलाल. सकाळी तो चंदनच्या गादीवर बसून जिलेबी खाई, दुपारी कुंदनच्या गादीवर बसून शेवभाजी.

यात्रेतला जुना रिवाज असा, की घोड्याचा भाव तोंडाने बोलायचा नाही. दलालाने उपरणं पसरायचं, त्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. भिलाशेठ घोडी घ्यायला जात तेव्हा मोठ्या भावाला शेजारी उभं करत आणि उपरण्याखाली हात घालण्याआधी त्याच्या कानात आकडा सांगून ठेवत. मुलांनी रिवाजातलं उपरणं तेवढं उचललं, कानात सांगायचं सोडून दिलं.

धर्मेंद्रने चंदनला सांगितलं, "मोठा फंड हिस्सा मागतोय, भाव चढा आहे. घरच्या माणसांना शेअर विकायची मुभा वर्षअखेर बंद होते, मग कंपनीचा नफ्यातोट्याचा पुढचा निकाल लागेपर्यंत थांबा. आठ द्या. पंचावन्नातले आठ गेले तरी सत्तेचाळीस उरतात. बाकी किरकोळ माणसं मतं द्यायला येतात कुठे?" तेच जसंच्या तसं त्याने दुपारी कुंदनला सांगितलं. दुसऱ्याचं नाव त्याने काढलं नाही आणि ह्यांनीही विचारलं नाही. विचारणार कसं? कारण भावाचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशी दोघांची शपथ.

घरच्यांनी शेअर विकले की बाजाराला कळवावं लागतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर ती बातमी आली. दोघंही धावत आईकडे आले आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा समोरासमोर उभे राहिले.

"कितला इकात तू?" चंदनने विचारलं.

"आठ. आनि तू?"

"आठ."

"माले वाटनं, तू मोठा शेस, तू बापनी इस्टेट सांभाळशी!" कुंदन ओरडला.

"आनि माले वाटनं तू कंजूस शेस, तू काय इकशी नही!"

धनुबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "चला," त्या म्हणाल्या, "पाच वरीसमा एक काम तरी दोन्ही भाऊ एकमतथीन करनात."

आता घरचे एकोणचाळीस उरले आणि फंडांचे झाले पस्तीस. गंमत अशी, की बाजारात भाव आणखी चढला. मोठ्या फंडांनी इतकं घेतलं म्हणजे काहीतरी असणारच, असं म्हणून शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर चहा पिणारे मास्तर, कंपाउंडर आणि बियाण्याचे दुकानदार धनाईचे शेअर घेऊ लागले. कुणी घेतलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विकलं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

आलेल्या पैशांतून चंदनने पुण्यात फ्लॅट घेतला आणि कुंदनने लांबलचक गाडी, जी नंदुरबारच्या एकाही गल्लीत वळत नव्हती. चारुलताने त्याहून मोठा विचार केला. तिने स्वतःची जमीन-प्लॉटची फर्म काढली आणि तिच्यासाठी कंपनीकडून पथारीची जागा मागितली, भाव बाजाराच्या निम्मा. देठं खुडायचं काम गुजरातेत यंत्रावर होईल, पथारीवर 'धनाई टाऊनशिप' उभी राहील. कुंदनला चार प्लॉट कबूल झाल्यावर त्यालाही ही कल्पना फार आवडली.

"सासूबाई, तिथे तुमच्या नावाची कमान उभारू," चारुलता म्हणाली.

"मन्ही कमान?" धनुबाई म्हणाल्या. "आनि तुळशीबाईनी कसानी उभारशी? ती आनि मी एकच पोतावर बठूत."

चारुलता हसली. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ती नेहमी हसे.

धनुबाईंना शेअर, भाव, फंड यांतलं काही नको होतं. त्यांना पथारी हवी होती. तिथे अजून दर हंगामाला तीनशे बाया डोंगरातून उतरत. त्या चार महिन्यांच्या कमाईवर त्यांचं पुढचं वर्ष निघे. दोघं भाऊ आणखी पाच वर्षं खुर्चीवर राहिले तर पथारी जाणार, हे ठरलेलं होतं. आणि दोघांना पुन्हा त्या खुर्चीवर नेमायचं की नाही, हे सप्टेंबरच्या भागधारकांच्या सभेत मताला टाकायचं होतं.

त्याआधी मार्चात, हंगाम सरता सरता, फंडाची एक बाई त्यांना भेटायला आली. पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली. पथारी बघताना ती इतकी शिंकली, की तुळशीबाईने तिला पदराचं टोक नाकाला धरायला दिलं. तुळशीबाईचा मुलगा दिनेश, धडगावकडे मास्तर, त्या दिवशी आईला घ्यायला आला होता.

"आजी, आम्ही तुमच्या मुलांच्या विरोधात मत देणार आहोत," बाई म्हणाली. "पगार अवाच्या सवा आणि जागा निम्म्या भावाने घरच्या फर्मला, हे आम्हाला चालणार नाही. तुमचे पंधरा महत्त्वाचे आहेत."

"तुमच्यातला मालक कोण?" धनुबाईंनी आपल्या शाळेतल्या मराठीत विचारलं.

"मालक असं कुणी नाही. लाखो लोकांचे पैसे आहेत. महिन्याला थोडे थोडे भरणारे."

दिनेशने फंडाचं नाव विचारलं आणि मोबाईल काढून आपल्या खात्यातलं नाव ताडून पाहिलं. मग म्हणाला, "बाई, त्यात माझेही जातात. दर महिन्याला."

"हाय वं माय!" तुळशीबाई तोंडावर हात ठेवून म्हणाली. "म्हंजे शेठानीबाई, आपू एकच घरना व्हयनूत!"

धनुबाई हसल्या नाहीत. त्या पाहुणीकडे बघत होत्या. "तुम्ही आलात तर पथारी राहील?"

"तसं वचन मी देऊ शकत नाही, आजी. परवडली तर राहील."

ही बाई निदान कमान उभारू म्हणत नाही, असं धनुबाईंच्या मनात आलं. तरी पाहुणी गेल्यावर त्या तुळशीबाईला म्हणाल्या, "आपला माणसे खोटं बोलतस गोड. हाई खरं बोलस, पन दगडनागत."

मुलांचा बेत असा होता, की आईला सभेला न्यायचंच नाही, तिचं मत मोबाईलवरून टाकून मोकळं व्हायचं. पण तिचं खातं उघडताना कुंदनने आपला मोबाईल नंबर दिला होता आणि चंदनने आपला ईमेल. आता मत टाकायला ओटीपीचा एक आकडा कुंदनच्या मोबाईलवर येई, दुसरा चंदनच्या ईमेलवर. कुंदन म्हणे, तुझा आकडा आधी सांग. चंदन म्हणे, आधी तुझा. आकडा काही मिनिटांत बाद होई, मग पुन्हा नवा. आपापल्या जिन्यावर उभं राहून दोन चहावाल्यांकरवी निरोप धाडत त्यांनी दोन दिवस काढले आणि मुदत संपली. शेवटी म्हातारीलाच सभेला न्यायचं ठरलं.

सभा मंगल कार्यालयात होती. बाहेर सनई लावायची तेवढी राहिली होती. दोघंही आईला गाडीतून उतरवायला आले, एक डाव्या बाजूने, एक उजव्या. पायऱ्या चढताना चंदन उजव्या कानाशी लागला.

"माय, दोन ठराव शेतस. एक मन्हा, एक कुंदनना. मन्हाले हो म्हन. त्यान्हाले नही म्हन. तो प्लॉटनी लालूचमा कंपनी बुडाई."

पुढच्या पायरीवर डावा कान भरला. "माय, माले हो म्हन. चंदनले नही. वहिनी त्याले नाचाडस, तो आपले रस्तावर आनी."

धनुबाई दोघांना म्हणाल्या, "हा रे बाप. हा."

खुर्चीत बसल्यावर त्यांच्या हातात मताचा कागद आला. समोर भिंतीवर त्यांचाच फोटो लावला होता, घराएवढा मोठा, नथ दुधीएवढी. व्यासपीठावर चारुलता पाहुण्यांना टाऊनशिपचा नकाशा दाखवत होती. नकाशात जिथे ताकाचं भांडं घेऊन दोघी बसत, तिथे पोहण्याचा तलाव काढला होता. तापीचं पाणी दाराशी असलेल्या मुलखात पोहायला तलाव!

त्यांनी पेन मागितलं. दोन्ही बाजूंनी दोन पेनं आली. त्यांनी दोन्ही परत केली आणि समोरच्या रांगेतल्या कंपाउंडरचं घेतलं. चंदनने कुंदनला नही म्हणायला सांगितलं होतं, म्हटलं. कुंदनने चंदनला नही म्हणायला सांगितलं होतं, तेही म्हटलं. एकेका मुलाचा शब्द पाळला. 'हो' मात्र दोघांनीही स्वतःसाठी मागितला होता, आणि एवढा हावरटपणा त्यांनी लहानपणीही चालू दिला नव्हता.

निकाल वाचला गेला, दोन्ही ठराव पडले, आणि तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. दोघा भावांनीही मोबाईलवरून आधीच एकमेकांच्या विरोधात मतं टाकून ठेवली होती. तिघं एकत्र राहिले असते तर एकोणचाळिसांपुढे पस्तीस हरले असते. तसं नव्हतं. एकाचे बारा आणि आईचे पंधरा मिळून सत्तावीसच, त्यामुळे धनुबाईंनी हो म्हटलं असतं तरी कुणीच वाचलं नसतं. आईच्या हातून मुलांचं नुकसान होऊ नये, एवढी काळजी दोन्ही मुलांनी न सांगता घेतली होती.

"माय, तू काय करं हाई?" चंदन रडकुंडीला आला होता.

"तुम्हनंच ऐकं," धनुबाई म्हणाल्या. "दोन्हीसनं."

चंदन पुण्याच्या फ्लॅटवर राहायला गेला. तिथे सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठी तो उभा राहिला आणि पडला. कुंदनने गाडी विकून शेतात पपई लावली. अहवालात फोटो येत नसल्यामुळे आता तो भावाशी फोनवर बोलतो. चारुलताची फर्म अजून आहे. तिच्या ऑफिसात टाऊनशिपचा नकाशा टांगलेला आहे आणि पोहण्याच्या तलावावर धूळ बसली आहे. धर्मेंद्र पुढच्या यात्रेलाही आला होता, दुसऱ्या कुठल्याशा दोन भावांच्या दोन तंबूंत. शहाद्याच्या स्टँडसमोरचे लोक अजून धनाईचे शेअर धरून आहेत, भाव काय झाला हे विचारलं तर पावसाविषयी बोलतात. दिनेश दर महिन्याला फंडात भरतोच.

फंडांनी बसवलेला नवा साहेब इंदूरचा. उन्हात वाळवलेल्या मिरचीला शहरात जास्त भाव मिळतो, असा त्याला शोध लागला, म्हणून पथारी राहिली. निम्म्या बायांचं काम मात्र यंत्राने नेलं. उरलेल्यांसाठी त्याने पत्र्याची सावली आणि दोन संडास बांधले. ते भिलाशेठनीही कधी बांधले नव्हते, हे धनुबाईंना कबूल करावं लागलं. पण त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत. तुळशीबाईचं नाव निम्म्यांत गेलं. ती आता धडगावलाच असते आणि हंगाम लागला की निरोप पाठवते, बोटांची आग होत नाही तर झोप लागत नाही.

पाकिटावरचा चेहरा बदलला. नव्या चेहऱ्याला नथ तीच ठेवली आहे, पण बाई तिशीची, गोरी आणि हसरी आहे. नातीने पाकीट आणून दाखवलं तेव्हा धनुबाईंनी ते चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"हिना डोळामा मिरची कधी गयी नही," त्या म्हणाल्या, आणि पाकीट फोडून भाजीत टाकलं.